टीएमटी ‘माइल्डली पॉझिटिव्ह’ आली, आता पुढची तपासणी कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचे वडील ६१ वर्षांचे, चिंचवडच्या कंपनीतून निवृत्त, आता वारज्याला तुमच्याकडे. नऊ वर्षांचा मधुमेह, बीपीची गोळी चालू. तीनेक महिन्यांपासून टेकडी चढताना छातीत जड वाटतं, दोन मिनिटं उभं राहिलं की जातं, आणि ते त्याला ॲसिडिटी म्हणतात. ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, टीएमटी (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) ‘माइल्डली पॉझिटिव्ह’. एका डॉक्टरांनी सरळ अँजिओग्राफी सांगितली, दुसऱ्यांनी स्ट्रेस थॅलियम (ताण देऊन केलेला हृदयाचा स्कॅन), आणि काकांचं म्हणणं की सीटी अँजिओ करून टाका, नळी घालायची भानगडच नको. ‘यातली सगळ्यात अचूक कोणती ते सांगा, एकदाच करून मोकळं होतो,’ असं तुम्ही विचारलंत. शेवटी स्वतःबद्दलही विचारलंत: वय ३६, त्रास काही नाही, ऑफिसच्या पॅकेजमध्ये कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांतला चुना मोजणारं सीटी) आहे, करू का?

मी पुण्यातच हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो, पण तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही. त्यामुळे खाली लिहितोय ती चिठ्ठी नव्हे, मी असा पेशंट समोर बसला की कसा विचार करतो ते आहे.

सगळ्यात आधी एक अट. हे सगळं त्रास ‘ठरावीक’ असेल तरच लागू आहे: तेवढ्याच चढाला येतो, थांबल्यावर जातो. तो गेल्या काही दिवसांत वाढला असेल, कमी चालण्याला यायला लागला असेल, बसल्या जागी किंवा झोपेत येत असेल, पंधरा-वीस मिनिटं टिकत असेल, घाम सुटत असेल, तर कुठली तपासणी हा प्रश्नच उरत नाही. गाडी काढा आणि जवळच्या कार्डियाक कॅज्युअल्टीत जा. अशा माणसाला पुन्हा टीएमटीच्या पट्ट्यावर चढवायचंही नसतं.

आता मूळ प्रश्न. ‘सगळ्यात अचूक’ अशी तपासणी नसते. आधी बघायचं की कहाणी ऐकून शंका किती उरली आहे, आणि रिपोर्ट काहीही आला तर आपण काय वेगळं करणार आहोत. हे दोन्ही ठरलं की तपासणी बहुतेक वेळा आपोआप ठरते.

कहाणीपासून सुरू करतो, कारण अर्धं निदान तिथेच असतं. आम्ही तीन गोष्टी शोधतो: छातीच्या मधोमध दडपण किंवा जडपणा, तो श्रमाने किंवा मनस्तापाने येणं, आणि थांबल्यावर किंवा जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवल्यावर काही मिनिटांत जाणं. तिन्ही असतील तर ती नमुनेदार अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारा त्रास. मी पेशंटला ‘छातीत दुखतं का?’ असं विचारतच नाही, कारण बहुतेक जण ‘दुखत नाही हो, नुसतं जड वाटतं’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. मी विचारतो, पर्वतीच्या पायऱ्या एका दमात चढता का? कुठे थांबावंसं वाटतं? मागच्या दिवाळीत तिथेच थांबत होता का? जेवणानंतर, थंडीत, पिशवी हातात असताना लवकर येतं का? जो माणूस रोज त्याच वळणावर, त्याच झाडाखाली ‘जरा दृश्य बघायला’ थांबतो, त्याचं निदान ईसीजीची पट्टी काढायच्या आधीच बरंचसं झालेलं असतं.

ॲसिडिटीचं म्हणाल तर ती चढ बघून येत नाही आणि उभं राहिल्यावर जात नाही. बाबा सांगतील, ईनो घेतल्यावर बरं वाटतं. वाटणारच, ईनो विरघळेपर्यंत ते थांबलेले असतात ना.

तर ६१ वर्षांचा पुरुष, तिन्ही खुणा हजर, वर मधुमेह. अशा माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत लक्षणीय अडथळा असण्याची शक्यता किती? १९७९ च्या जुन्या अमेरिकन तक्त्यात या वयाच्या पुरुषासाठी आकडा ९० टक्क्यांच्या वर होता. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांमध्ये तोच ४४ टक्क्यांवर आला. त्या तक्त्यांत मधुमेह धरलेला नाही, आणि दक्षिण आशियाई लोकांना हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो. म्हणून तुमच्या वडिलांसाठी मी निम्म्याच्या आसपास किंवा थोडं वरच धरेन. ईसीजी आणि इको नॉर्मल आहेत म्हणून हा आकडा फारसा खाली येत नाही. दोन्ही तपासण्या बसल्या-झोपल्या केलेल्या असतात आणि त्यांचा त्रास चढावर आहे. इको नॉर्मल याचा अर्थ पंप चांगला आहे. ती चांगली बातमी आहे, पण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आता टीएमटीकडे. ‘माइल्डली पॉझिटिव्ह’ हे शब्द मी जवळजवळ वाचत नाही, खालचे आकडे वाचतो. तुम्ही रिपोर्ट टाइप करून दिलात ते बरं केलंत: ब्रूस प्रोटोकॉल (टप्प्याटप्प्याने वेग आणि चढ वाढवायची पद्धत), तिसऱ्या स्टेजला सात मिनिटांवर थांबवली, ईसीजीतली एसटी रेषा दीड मिलिमीटर खाली, छातीत जड वाटलं पण त्यामुळे थांबावं लागलं नाही. यावरून एक सोपा हिशेब निघतो, त्याला ड्यूक स्कोअर म्हणतात. चाललेली मिनिटं ७. त्यातून एसटीच्या मिलिमीटरची पाचपट, म्हणजे ७.५ वजा. छातीत त्रास झाला पण थांबवलं नाही, म्हणून आणखी ४ वजा. उत्तर उणे ४.५. अधिक ५ किंवा त्याहून जास्त असेल तर धोका कमी, उणे ११ किंवा त्याखाली असेल तर जास्त. तुमचे वडील मधल्या पट्ट्यात आहेत. म्हणजे पुढे बघायला हवं, पण आज रात्रीच ॲडमिट करा अशी घाई नाही. त्यांच्या बीपीच्या गोळीत मेटोप्रोलॉल किंवा तत्सम बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) आहे का तेही बघा. ती घेऊन टीएमटी केली तर नाडी वर जात नाही आणि बदल कमी दिसतात.

टीएमटी स्वतः किती भरवशाची? ढोबळमानाने, खरा आजार असलेल्या १०० पैकी ६८ जणांत ती पॉझिटिव्ह येते आणि आजार नसलेल्या १०० पैकी ७७ जणांत निगेटिव्ह. आता तुमच्या वडिलांसारखे १०० जण घ्या, त्यातल्या ५० जणांना आजार आहे असं धरू. पॉझिटिव्ह येतील सुमारे ४६, त्यातले ३४ खरे. निगेटिव्ह येतील ५४, आणि त्यातही १६ जणांना आजार असेलच. हीच तपासणी कमी शक्यतेच्या १०० जणांवर करा, ज्यांच्यात फक्त १० जणांना आजार आहे. पॉझिटिव्ह येतील २८, खरे त्यातले ७. उरलेले २१ जण विनाकारण घाबरून अँजिओग्राफीच्या टेबलापर्यंत येतात. तुमच्या स्वतःच्या पॅकेजवर येईन तेव्हा हा दुसरा हिशेब लक्षात ठेवा.

वडिलांच्या बाबतीत मग सीटी अँजिओ की थॅलियम? दोन्ही वेगळ्या गोष्टी बघतात. सीटी रक्तवाहिनीची रचना दाखवतं: भिंतीत चरबी किती, चुना किती, वाट किती अरुंद. थॅलियम, स्ट्रेस इको, स्ट्रेस एमआरआय या तपासण्या ताण दिल्यावर स्नायूला रक्त पुरतंय का ते बघतात. पहाटे पाचला लक्ष्मी रोडचा फोटो काढला तर रस्ता कुठे किती रुंद ते कळतं. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी तिथून गाड्या सरकतात का ते त्या फोटोत दिसत नाही. म्हणूनच ५० ते ७० टक्के अरुंद दिसणारी जागा कधी निरुपद्रवी निघते आणि कधी खरी दोषी.

तुमच्या वडिलांसाठी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ठीक असेल आणि नाडी नियमित असेल, तर मी सीटी अँजिओकडे झुकेन. कारण सांगतो. सीटी पूर्ण स्वच्छ आलं तर लक्षणीय ब्लॉक नाही हे जवळजवळ खात्रीने म्हणता येतं, ही त्याची सगळ्यात मोठी ताकद. आणि ब्लॉक मोठा नसला तरी भिंतीतला आजार दिसतो, जो ताणाच्या तपासण्यांत दिसत नाही. स्कॉटलंडमधल्या स्कॉट-हार्ट अभ्यासात ४,१४६ जणांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सीटी अँजिओ केला. पाच वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट ॲटॅक हे सीटी गटात २.३ टक्के होतं, दुसऱ्या गटात ३.९. माझ्या मते याचं मुख्य कारण स्टेंट नव्हेत. आजार डोळ्यांनी दिसल्यावर योग्य माणसाला स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि ॲस्पिरिन सुरू झालं आणि माणसानेही ते घेतलं. माझ्या ओपीडीतही हेच दिसतं. कोलेस्टेरॉलचा आकडा सांगून जो गोळी घेत नाही, तो स्वतःच्या धमनीतला पांढरा चुना स्क्रीनवर बघून मुकाट्याने घेतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतल्या प्रॉमिस अभ्यासात दहा हजारांवर लोकांना सीटी किंवा ताणाची तपासणी दिली आणि सुमारे दोन वर्षांत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. त्यामुळे थॅलियम सांगणारे डॉक्टर चुकीचे आहेत असं अजिबात नाही. त्यांचं मशीन, त्यांचा अनुभव आणि तुमच्या वडिलांची किडनी यावर बरंच ठरतं.

सीटीची अडचण म्हणजे चुना. मधुमेह आणि साठी ओलांडलेली, म्हणजे तो बराच असू शकतो, आणि चुना जास्त असला की तो चित्रात पसरून दिसतो आणि अडथळा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. म्हणून आधी बिनाइंजेक्शनचा कॅल्शियम स्कोअर घेतात. तो फारच वर गेला तर अनुभवी रेडिओलॉजिस्ट तिथेच थांबून फोन करतो, ‘सर, पुढे जाऊ का?’ असा फोन करणारं सेंटर निवडा. चुना इतका असेल तर मग ताणाची तपासणी बरी.

सीटीच्या दिवशी काय होतं तेही सांगतो, कारण चांगलं चित्र तयारीवर अवलंबून असतं. नाडी साठीच्या आसपास हवी. वडील घाबरून ८२ ची नाडी घेऊन पोचतील, मग त्यांना मेटोप्रोलॉल देऊन तासभर बसवून ठेवतील. त्या तासात ‘अजून किती वेळ’ म्हणून स्टाफच्या मागे लागू नका, तोच वेळ चित्र साफ करतो. मग जिभेखाली नायट्रोग्लिसरिन. इथे एक नाजूक गोष्ट. व्हायग्रासारखी गोळी आदल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर नायट्रोग्लिसरिनने बीपी धोकादायकरीत्या पडू शकतं, आणि हे कुठलेही वडील मुलासमोर सांगत नाहीत. फॉर्म भरताना तुम्ही बाहेर चहा प्यायला जा. नंतर शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्रात वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) जातं, अंगभर गरम वाटतं, काहींना लघवी झाल्यासारखं वाटतं (होत नाही), दहाएक सेकंद श्वास रोखायचा आणि झालं. श्वास रोखायची तालीम घरी करून घ्या, त्यावर बरंच अवलंबून असतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन किडनी चांगली असेल तर सहसा थांबवावं लागत नाही, पण काही सेंटर दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. आधी विचारून घ्या. पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली असेल तर ते फोनवरच सांगा.

स्ट्रेस थॅलियम मी आधी कधी सांगतो? आधीच स्टेंट किंवा बायपास झालेलं असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, कॅल्शियम खूप असेल, किंवा सीटीत मधला ब्लॉक दिसला आणि तो खरोखर रक्त अडवतोय का हे ठरवायचं असेल तर. नाव थॅलियम असलं तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम हे दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य देतात. तिन्ही मुख्य वाहिन्यांत सारखाच आजार असेल तर सगळाच स्नायू सारखाच उपाशी दिसतो आणि रिपोर्ट फसवा नॉर्मल येऊ शकतो, ही तिची ओळखीची त्रुटी. चालता येत नसेल तर ॲडेनोसिनचं इंजेक्शन देऊन ताण देतात. त्यासाठी आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, कारण कॅफीन ॲडेनोसिनचा परिणाम मारतं. पुण्यात ही अट पाळून घेणं अवघड. रात्रीपासून उपाशी असलेला पेशंट सकाळी दवाखान्याबाहेरच्या अमृततुल्यात ‘अर्धाच घेतला’ म्हणून येतो आणि तारीख पुढे जाते. दमा असेल तर ॲडेनोसिन टाळतात, मग दुसरा मार्ग.

स्ट्रेस इकोला पुण्यात उगाच कमी लेखलं जातं. किरणोत्सर्ग नाही, कॉन्ट्रास्ट नाही, खर्च कमी. पण ती सर्वस्वी करणाऱ्याच्या नजरेवर आहे. नियमित करणारे डॉक्टर असतील तर मी आनंदाने पाठवतो, नाहीतर नाही. स्ट्रेस एमआरआय उत्तम, विशेषतः जुन्या ॲटॅकचा डाग शोधायला, पण सोय मोजक्या ठिकाणी. पेट स्कॅनही तसंच.

किरणोत्सर्गाची भीती तुम्ही विचारली नाहीत, पण काकू विचारतील. कॅल्शियम स्कोअर साधारण १ मिलिसिव्हर्ट, नव्या मशीनवर सीटी अँजिओ बहुधा २ ते ५, टेक्नेशियमची स्ट्रेस तपासणी १० च्या आसपास. निसर्गातून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिळतो. एकसष्टाव्या वर्षी, त्रास असताना, हा मुद्दा निर्णय फिरवण्याइतका मोठा नाही. तुमच्या ३६ व्या वर्षी थोडा मोठा आहे.

मग सरळ अँजिओग्राफी सांगणारे डॉक्टर लुटायला बसलेत का? तसं समजू नका. थोडं चाललं तरी त्रास, गोळ्या चालू असूनही त्रास, टीएमटीत दोन-तीन मिनिटांतच मोठे बदल किंवा बीपी पडणं, पंप कमजोर असणं, यात मीही मधल्या तपासण्यांत वेळ घालवत नाही. पण तुमच्या वडिलांच्या पट्ट्यातल्या लोकांसाठी युरोपातला २०२२ चा डिस्चार्ज अभ्यास उपयोगी आहे. ३,५६१ जणांत आधी सीटी आणि आधी अँजिओग्राफी यांची तुलना झाली. पुढच्या काही वर्षांत मृत्यू, ॲटॅक, पक्षाघात यांत ठोस फरक नव्हता, पण प्रक्रियेमुळे होणाऱ्या मोठ्या गुंतागुंती सीटी गटात ०.५ टक्के, अँजिओ गटात १.९.

आणि ब्लॉक निघालाच तर लगेच स्टेंट, हा सगळ्यांच्या डोक्यातला पुढचा भाग. २०२० च्या इस्किमिया अभ्यासात ५,१७९ जणांना, ज्यांच्या ताणाच्या तपासणीत मध्यम ते तीव्र दोष होता, दोन वाटांनी नेलं: लगेच अँजिओ आणि स्टेंट किंवा बायपास, किंवा आधी औषधं. मृत्यू आणि ॲटॅक मिळून फरक नव्हता. छातीचा त्रास मात्र पहिल्या गटात जास्त कमी झाला. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा ब्लॉक असलेले लोक त्यात घेतले नव्हते, आणि ते वगळायला बहुतेकांचा सीटीच आधी केला होता. मी सीटीकडे झुकतो त्याचं हेही एक कारण: मुख्य वाहिनी मोकळी आहे एवढं कळलं की औषधं सुरू करून शांतपणे विचार करायला वेळ मिळतो. अँजिओग्राफी करायचीच ठरली तर संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा, ‘ब्लॉक सापडला तर तुम्ही बाहेर येऊन आमच्याशी बोलाल ना, मग ठरवू?’ ठरावीक अंजायनात हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. टेबलावर झोपलेल्या माणसाच्या मुलाने पाच मिनिटांत घेतलेला निर्णय सहसा चांगला नसतो.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत वडिलांना रिकामं बसवू नका. ॲस्पिरिन, स्टॅटिन, अंजायनाची गोळी आणि गरजेला सॉर्बिट्रेट हे बहुतेक वेळा आधीच सुरू होतं. त्यांच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. टेकडी तूर्त बंद, सपाटीवर चालणं चालू.

विमा: ओपीडीतल्या तपासण्या बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत, म्हणून ‘एक दिवस ॲडमिट करून करून घेऊ’ असा सल्ला कुणीतरी देईलच. निव्वळ तपासणीसाठी ॲडमिट होणं हा प्रमाणित वगळलेला भाग आहे. टीपीएकडून (विम्याचे दावे बघणारी कंपनी) आधी लेखी घ्या, आणि कुठली तपासणी हे विम्यावरून ठरू देऊ नका.

आता तुमचं. ३६, त्रास नाही. कॅल्शियम स्कोअर या वयात बहुतेक वेळा शून्यच येतो, कारण चुना जमायला वर्षं लागतात. तरुण वयातला आजार मऊ चरबीचा असतो आणि तो या तपासणीत दिसत नाही. शून्य बघून तुम्ही निर्धास्त व्हाल, तेच मला नको आहे. स्कोअरचा खरा उपयोग साधारण चाळिशीनंतर, स्टॅटिन द्यावं की नाही अशा द्विधेत. त्रास नसताना सीटी अँजिओ किंवा टीएमटीचंही तुम्हाला काम नाही, वरचा दुसरा हिशेब आठवा. त्याऐवजी लिपिड प्रोफाइल, आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉलसारखाच एक आनुवंशिक घटक), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बीपी आणि कमरेचं माप. वडिलांना ६१ व्या वर्षी आजार निघाला तर तो ‘अकाली’ आनुवंशिक इतिहासात धरत नाहीत, त्यासाठी वडील किंवा भाऊ ५५ च्या आत हवेत. आई किंवा बहीण ६५ च्या आत. आजोबांबद्दल किंवा काकांबद्दल तसं काही असेल तर सांगा. सिगारेट ओढत असाल तर ती यादीत सगळ्यात वर.

शेवटचं एक काम. सीटी कुठेही करा, रिपोर्टच्या कागदाबरोबर चित्रांची सीडी किंवा लिंक मागून घ्या. ‘मधली वाहिनी ५० ते ६० टक्के’ या ओळीवर दुसरं मत देता येत नाही, चित्रं समोर असतील तर देता येतं. क्रिएटिनिन, बीपीच्या गोळीचं नाव आणि विश्रांतीची नाडी इथे लिहा, मग सीटी की स्ट्रेस इको यावर मला जास्त नेमकं सांगता येईल.